नाचणारीच्या पायाखालची जमीन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत डान्सवरच्या इंग्रजी सिनेमांचा लेख आला होता, तो दोनदा वाचला, आठवडाभर डोक्यातून जात नाहीये म्हणून शेवटी आज दवाखाना बंद करून लिहायला बसले. लेख मेहनतीने लिहिलाय, त्यात 'रेड शूज' आहे, 'टर्निंग पॉइंट' आहे, 'ब्लॅक स्वान'ला तर अर्धं पान आणि मोठा फोटो. पण त्यात एक वाक्य आहे, की बॅले हे एक प्रकारचं वेड असतं आणि ते वेड जो दाखवतो तोच खरा बॅलेचा सिनेमा. ह्या वाक्याला माझा आक्षेप आहे, आणि ज्या सिनेमाचं लेखात साधं नावही नाही त्याबद्दल मला सांगायचंय.

तो सिनेमा म्हणजे 'द कंपनी', २००३ सालचा, दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन. रामगोपाल वर्मांचा 'कंपनी' त्याच्या आदल्या वर्षीचा, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही, नावामुळे घोळ होतो म्हणून आधीच सांगून टाकते.

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, २२ वर्षं झाली. गुडघे, कंबर, फ्रोजन शोल्डर हे रोजचंच, पण माझ्या दवाखान्याच्या आसपास तीन डान्स क्लास आहेत त्यामुळे कथक, भरतनाट्यम, वेस्टर्न असं सगळं शिकणाऱ्या मुलींचे पाय माझ्याकडे येतात, हल्ली मुलगेही येतात, आणि म्हणून मी डान्सचा कुठलाही सिनेमा बघताना आधी पायांकडेच बघते, चेहऱ्याकडे नंतर. 'द कंपनी' मला एका पेशंटच्या मोठ्या बहिणीने पेनड्राइव्हवर दिला होता, खूप वर्षं झाली त्याला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा गोष्ट कुठेय तेच कळेना. कुणी कुणाचा खून करत नाही, कुणाला भास होत नाहीत, कुणी आरशात स्वतःकडे बघून किंचाळत नाही. माणसं येतात, क्लास करतात, तालीम करतात, कुणाला लागतं, कुणाचा रोल जातो, रात्री शो होतो, परत सकाळी क्लास. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा लक्षात आलं, की हीच तर गोष्ट आहे, आणि असा सिनेमा मी दुसरा पाहिलेला नाही.

ह्यात जी बॅले कंपनी दाखवलीय ती खरीखुरी आहे, शिकागोची जॉफ्री बॅले. सिनेमातले बहुतेक नर्तक म्हणजे त्या कंपनीतलेच नर्तक, ते स्वतःचंच काम कॅमेऱ्यासमोर करतायत. नायिका नीव्ह कॅम्बेल ही नटी म्हणून आपल्याला माहीत आहे, पण ती लहानपणी कॅनडाच्या नॅशनल बॅले स्कूलमध्ये शिकलेली, आणि शरीर साथ देईना म्हणून कोवळ्या वयातच तिने ते सोडलं. ह्या सिनेमाची मूळ कल्पना तिचीच, निर्मात्यांमध्येही ती आहे, पटकथा बार्बरा टर्नरची. इतक्या वर्षांनी तिने परत तयारी केली आणि सिनेमात स्वतः नाचली. ऑल्टमन तर आधी नाहीच म्हणाले होते, बॅलेतलं मला काही कळत नाही म्हणून. मला वाटतं ते बरंच झालं, कारण न कळणाऱ्या माणसासारखं ते बाजूला उभं राहून नुसतं बघत बसलेत, आणि त्यामुळे जे आहे ते आपल्यालाही दिसतं.

आता तो सीन सांगते ज्यासाठी मी हे पत्र लिहितेय. तालीम चालू आहे, भर दुपारच्या कुठल्याही तालमीसारखी, पियानो वाजतोय, एक नर्तकी नाचतेय, आणि एकदम आवाज येतो. मोठा नाही, ओली काटकी मोडावी तसा. तिचा अकिलीस टेंडन तुटलाय, म्हणजे आपण टाचेमागची शीर म्हणतो ती. मी तो आवाज ओळखला कारण तो मी पेशंटांकडून शेकडो वेळा ऐकलाय. ही शीर तुटली की माणूस हमखास एकच सांगतो, मॅडम मागून कुणीतरी लाथ मारली असं वाटलं, वळून बघितलं तर मागे कुणीच नव्हतं. आम्ही पेशंटला पालथं झोपवतो, पावलं टेबलाच्या कडेबाहेर, आणि पोटरी हाताने दाबतो. शीर शाबूत असेल तर पाऊल आपोआप हलतं. तुटलेली असेल तर पोटरी दाबली तरी पाऊल नुसतं लोंबत राहतं, आणि पालथा झोपलेला पेशंट विचारतो, हललं का हो. ह्या प्रश्नाचं उत्तर देणं मला अजून जमत नाही. त्यानंतर सहा महिने, नऊ महिने, कधी वर्ष, आणि नर्तकी असेल तर पूर्वीसारखी उडी परत येईलच ह्याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

सिनेमात काय होतं, तर लोक धावतात, तिला धरतात, तिचा चेहरा आपल्याला दिसतो, आणि मग काम पुढे जातं. शोची तारीख ठरलेली असते ना, कुणीतरी तो रोल करणारच. खलनायक कुणीही नाही. कुणी दुष्ट हसत नाही, कुणी तिच्या बुटात काचा घातलेल्या नाहीत. प्रत्येक रोलमागे तो रोल पाठ असलेली दुसरी मुलगी भिंतीला टेकून उभी असते आणि हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असतं, जी नाचतेय तिलाही आणि जी उभी आहे तिलाही, आणि दोघी रात्री एकाच फ्लॅटवर झोपायला जातात. सिनेमाच्या शेवटी हेच नायिकेच्या वाट्याला येतं, मोठ्या बॅलेच्या भर शोमध्ये ती पडते, हाताला लागतं, आणि तिच्या जागी दुसरी जाते, शो होतो, टाळ्या होतात.

म्हणून मला 'वेड' हा शब्द खुपतो. नर्तकी वेडी आहे असं म्हटलं की प्रश्नच संपतो, तिचं तिच्यापाशी. पण ती शहाणी आहे, सगळा हिशेब करून दुखणं लपवतेय असं म्हटलं की मग विचारावं लागतं की तिला लपवावं का लागतं, जमीन कसली होती, विश्रांती किती होती, पगार किती होता, तिची जागा राखून ठेवायची कुणाची जबाबदारी होती. 'ब्लॅक स्वान' मला बघवला नाही असं नाही, नताली पोर्टमनचं काम मोठंच आहे, ऑस्कर मिळालं ते योग्यच. पण त्या सिनेमात नखं तुटतात, कातडी सोलली जाते, ते सगळं नायिकेच्या मनाचे खेळ म्हणून, आणि खऱ्या शूटिंगमध्ये पोर्टमनची बरगडी दुखावली तेव्हा बजेट कमी म्हणून सेटवर बघायला साधा मेडिक नव्हता, हे तिनेच नंतर सांगितलंय. मला विचाराल तर बॅलेचा खरा सिनेमा तिथे कॅमेऱ्याच्या मागे चालू होता. आणि त्या सिनेमातले अवघड नाच जिने केले ती अमेरिकन बॅले थिएटरची सेरा लेन, तिचं नाव तुमच्या लेखात नाही. कुणी किती टक्के नाचलं ह्यावर तेव्हा जाहीर वाद झाला होता, मला त्यात पडायचं नाही, पण नाव तरी छापा.

'रेड शूज'बद्दल लेखात रंगांचं खूप कौतुक आहे आणि ते खरंच आहे, १९४८ सालचा सिनेमा आहे यावर विश्वास बसत नाही, लाल रंग असा की डोळे दिपावेत. पण त्याची नायिका मॉइरा शीअरर, जी लंडनच्या सॅडलर्स वेल्सची खरी बॅलेरिना होती, तिने नंतर सांगितलेलं आहे की शूटिंगमध्ये दिवसचे दिवस काँक्रीटच्या जमिनीवर नाचावं लागलं आणि पाय सुजायचे. काँक्रीट! पडद्यावर ती वाऱ्यावर तरंगल्यासारखी दिसते आणि खाली सिमेंट आहे. हे वाचल्यापासून मी तो सिनेमा पूर्वीसारखा बघू शकलेली नाही.

इथे जरा जमिनीचं सांगते कारण लोकांना हे माहीत नसतं. बॅलेच्या स्टुडिओत जमीन लाकडी असते, आणि नुसती लाकडी नाही तर फळ्यांच्या खाली आडव्या-उभ्या पट्ट्या घालून पोकळी ठेवलेली असते, उडी मारून खाली आलं की जमीन किंचित दबते आणि धक्का खाऊन टाकते, वरून मॅट असते पाय घसरू नये म्हणून. धक्का जमिनीने नाही खाल्ला तर तो घोटा खातो, नडगी खाते, गुडघा खातो, कंबर खाते. आपल्याकडे जुन्या नाट्यगृहांचं स्टेज लाकडीच असतं, ते चांगलं असतं, पण त्या स्टेजवर पोरगी वर्षातून एकदा नाचते. बाकी वर्षभर तालीम सोसायटीच्या हॉलमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्सवर, नाहीतर पार्किंगमध्ये कोब्यावर, नाहीतर शहाबादी फरशीवर, तेही अनवाणी, तेही ततकार, म्हणजे पाय आपटणं हाच नाचाचा पाया.

एक मुलगी सांगते, नाव-गाव सांगत नाही, क्लासचंही नाही. १४ वर्षांची. आई घेऊन आली, म्हणाली लंगडतेय, शाळेत पडली असेल. मुलगी गप्प. एक्स-रे नॉर्मल होता, आधीच्या डॉक्टरांनी क्रेप बँडेज दिलं होतं, आजीने आंबेहळदीचा लेप लावला होता. मी पावलाच्या वरच्या बाजूने एकेक हाड बोटाने दाबत गेले आणि दुसऱ्या हाडावर बोट टेकलं तशी ती टेबलवरून उठूनच बसली. स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, एमआरआयमध्ये दिसलं. हे असं पडून एका दिवसात होत नाही, रोज थोडं थोडं होतं. आईला बाहेर बसवून विचारलं तेव्हा म्हणाली दोन महिने दुखतंय. मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, ताई, ग्रुपमध्ये मी मधे उभी असते, सांगितलं असतं तर मधे दुसरी उभी राहिली असती. एवढंच. ह्यात वेड कुठंय सांगा मला. तिने अगदी बरोबर हिशेब केला होता, कारण तसंच झालं, वार्षिक कार्यक्रमात मधे दुसरी उभी राहिली आणि क्लासमधून हिला फोनसुद्धा आला नाही.

तिला मी 'द कंपनी'तला तो तालमीचा सीन मोबाईलवर दाखवला होता, पट्टी बांधताना. दाखवावा की नाही हा विचार केला होता, पण वाटलं हिला कळू दे की आपण एकटी नाही. तिने पूर्ण बघितला, आवाज आला तिथे माझा हात घट्ट धरला, आणि मग विचारलं, त्या ताईचं पुढे काय झालं? मी परत सिनेमा लावून शोधलं. सिनेमा तिच्याकडे फारसा वळून बघत नाही.

तर सिनेमाबद्दल अजून थोडं, कारण मला तो लोकांनी बघावा असं मनापासून वाटतं. नायिका राय रात्री शो-तालीम संपल्यावर बारमध्ये वेट्रेसचं काम करते, म्हणजे दिवसभर पायावर, आणि रात्री परत पायावर, आणि ही मुलगी कंपनीत वर चढत चाललेली आहे, शिकाऊ नाही. पोरं एका फ्लॅटमध्ये जमिनीवर गाद्या टाकून झोपलेली दाखवलीत, अगदी आपल्या पेठांमधल्या कॉट बेसिसची आठवण होते. पैशांची मीटिंग आहे. कंपनीचा प्रमुख मिस्टर ए म्हणजे माल्कम मॅकडॉवेल, पिवळा मफलर घालून सगळ्यांना बेबीज बेबीज म्हणत फिरतो, गोड बोलतो आणि रोल काढून घेतो, त्याला नुसतं सुंदर दिसणं आवडत नाही, त्यामागे काहीतरी हवं असतं, आणि त्याचं ते म्हणणं खरंही असतं. हे पात्र जॉफ्रीचे तेव्हाचे प्रमुख जेराल्ड अर्पिनो यांच्यावर बेतलेलं. ही कंपनी १९५६ साली सुरू झाली तेव्हा सहा नर्तक एका मागून आणलेल्या गाडीत बसून गावोगाव शो करत फिरले आणि कंपनीचे संस्थापक रॉबर्ट जॉफ्री स्वतः न्यूयॉर्कमध्ये थांबून क्लास घेऊन त्यांचे पगार भागवत होते. आपल्या तमाशाच्या फडासारखंच की. आणि ह्या कंपनीत मुख्य नर्तक, दुय्यम नर्तक अशी पायरी ठेवलेली नाही, सगळेच स्टार किंवा कुणीच नाही असा त्यांचा बाणा, इतर बहुतेक मोठ्या बॅले कंपन्यांत असा प्रकार नसतो. पण सिनेमा बघून कळतं की कागदावर पायरी नसली तरी मधे कोण उभं राहणार हा प्रश्न राहतोच.

मिस्टर ए ला इटालियन लोकांची संस्था सत्कार करते तो प्रसंग आहे, आणि तिथे तो त्यांनाच सुनावतो की नाचावंसं वाटणाऱ्या मुलांना तुम्ही लहानपणी काय काय म्हणत होतात. मला तिथे आपला मुंबईचा 'ये बॅले' आठवला, सूनी तारापोरवाला यांचा, २०२० चा. अमीरुद्दीन शाह आणि मनीष चौहान ह्या दोन मुलांवरून केलेला, येहुदा माओर नावाच्या परदेशी गुरुजींनी मुंबईत त्यांना घडवलं, आणि मनीषने तर स्वतःचंच काम सिनेमात केलंय. तुमच्या लेखात तोही नाही. घरची परिस्थिती बेताची, बाप म्हणतो नाचून पोट भरणार का, हा प्रश्न शिकागोतही आणि मुंबईतही तोच.

'द कंपनी'मधला सगळ्यात सुंदर भाग म्हणजे उघड्यावरचा नाच. बागेतलं स्टेज, लोक गवतावर आणि खुर्च्यांवर बसलेत, राय आणि तिचा जोडीदार नाचायला लागतात, 'माय फनी व्हॅलेंटाइन'ची धून, नृत्यरचना लार लुबोविच यांची, आणि वारा सुटतो. पाला उडतो, वीज चमकते, पाऊस सुरू होतो, लोक छत्र्या उघडतात पण उठत नाहीत. आपल्याकडे गणपतीत मांडवातल्या कार्यक्रमाला पाऊस आला की लोक खुर्ची डोक्यावर धरून बसतात तसे. सगळे म्हणतात काय रोमँटिक सीन आहे, आहेच, मीही प्रत्येक वेळी भारावून बघते. पण विंगेत उभे असलेले लोक आभाळाकडे नाही बघत, ते स्टेज ओलं होतंय का ते बघतायत, कुठल्या क्षणी थांबवायचं हा विचार त्यांच्या तोंडावर आहे. मला सिनेमातला तो भाग फार आवडतो, की कुणाचं तरी लक्ष जमिनीकडे आहे.

लहानपणी आमच्या घरी विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट सांगायचे, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, नऊ महिने भरलेले, फडात नाचता नाचता कळा आल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि परत बोर्डावर आल्या. वडील सांगताना त्यांचे डोळे भरायचे. विठाबाईंपुढे मी कायम हात जोडते. पण आता ह्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर ती गोष्ट ऐकली की मला पहिलं हे मनात येतं की तिला त्या रात्री बोर्डावर का जावं लागलं, खेळ थांबवणारं तिथे कुणी का नव्हतं. आपण त्यागाचं कौतुक करतो आणि त्यांचे शेवटचे दिवस किती हलाखीत गेले तेही आपल्याला माहीत असतं.

'द कंपनी'त कच्चं काहीच नाही असं माझं म्हणणं नाही. रायचा मित्र, तो स्वयंपाकी, जेम्स फ्रँकोने केलाय, त्यांची प्रेमकथा अगदी पातळ आहे, दोन सीन कमी असते तरी चाललं असतं. शेवटचा 'ब्लू स्नेक' नावाचा बॅले मला भडक वाटला आणि लांबलाय, ते कपडे घालून नाचणाऱ्या मुलांची काळजीच वाटत राहते. ज्यांना कथानक लागतं ते अर्ध्यात उठतील. तरीही.

माझी संपादकांना दोन गोष्टींची विनंती आहे. एक म्हणजे त्या यादीची पुढची किस्त काढलीत तर हा सिनेमा घ्या, आणि नाचणाऱ्यांची नावं नटनट्यांच्या बरोबरीने छापा. दुसरं, आता डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंगचा आणि क्लासच्या वार्षिक कार्यक्रमांचा सीझन येतोय, तुमच्याकडे रोज त्याचे फोटो येणार, तुमचे प्रतिनिधी जाणार. जातील तेव्हा त्यांनी फक्त एवढं विचारावं की ह्या मुली तालीम कुठे करतात, खाली काय असतं, आणि कुणाला लागलं तर बरी झाल्यावर तिची जागा तिला परत मिळते का. पुरवणीत नसेल जागा तर आतल्या पानावर छापा, पण छापा.

ती १४ वर्षांची मुलगी परवा येऊन गेली. आता बारावीत आहे, नाच सुरू आहे, दुसऱ्या क्लासमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, तिथे बाईंनी स्वतःच्या पैशांनी लाकडी जमीन करून घेतलीय.

आपली नियमित वाचक,
एक फिजिओथेरपिस्ट, पुणे